कडक म्हणजे पवित्र

‘पवित्र’ हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला. धुळ्याजवळच्या आमच्या घरात तो कोणी बोलल्याचं आठवत नाही. घरात देव कडक असायचा. उपवास कडक, एखादं देवस्थान कडक, आणि सगळ्यांत कडक आमची खानदेशची देवी, कानबाई. शब्दकोशात या शब्दाचे अर्थ कठीण, करडा, तीव्र असे आहेत. आई मात्र तो उच्चारताना डोक्यावरचा पदर सारखा करायची, म्हणजे तिच्या लेखी त्याचा अर्थ पवित्र हाच होता. त्यात भीतीही मिसळलेली होती, हे मला उशिरा कळलं.

श्रावणात कानबाई बसते. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त घरच्यांनी खायचे. त्यासाठी आमच्याकडे माणशी सव्वा मूठ गहू घेत. सून मोजायची, तान्हं मूल मोजायचं. लग्न होऊन गेलेली मुलगी मोजायची नाही, तिची मूठ सासरी. मोजणी माझ्याकडे होती. सव्वातली पाव मूठ कशी धरायची, हे मला कोणी नीट सांगू शकलं नाही.

ऐंशीच्या दशकात माझी मोठी बहीण, आमची अक्का, यावलच्या सासरहून कायमची परत आली. नवऱ्याने दुसरी बायको केली होती. त्या श्रावणात मी सुपात गहू मोजत होतो आणि अक्का शेजारी खडे निवडत होती. आईची, धाकट्या भावाची, माझी मूठ टाकून झाल्यावर मी विचारलं, “अक्कानी मूठ टाकू ना?”

“तिनी मूठ त्या घरनी,” आई म्हणाली.

“तठे ते आते दुसरी शे. अक्कानी मूठ तठे कोन टाकी?”

“माले नको शिकाडू. कानबाई कडक शे.”

अक्का हसली. “चहा बी कडक, कानबाई बी कडक. या घरमा नरम काय शे व माय?”

आईही हसली, पण मूठ काही पडली नाही. दुसऱ्या दिवशी खीर, कटाची आमटी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, सगळं अक्काने रांधलं. रोट तेवढे आईने केले. जेवताना आमच्या ताटांत रोट होते आणि अक्काच्या ताटात बाजरीची भाकर. कानबाई बसणारी दोन घरं, आणि दोन्हीकडच्या मोजणीत ती नव्हती.

पुढची कितीतरी वर्षं हेच चाललं. माझी नोकरी जळगावला लागली, लग्न झालं, मुलं झाली. सुपातल्या मुठी वाढल्या. मी दर श्रावणात आईकडे अक्काचा विषय काढायचो आणि आई तेच उत्तर द्यायची. अक्काने थट्टा करणं कधी सोडलं ते माझ्या लक्षात आलं नाही. एकदा माझ्या मुलाला टायफॉइड झाला, तेव्हा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “भाऊ, मना हात ते नही ना लागना रोटले?” आजाराचा रोटाशी काही संबंध नाही, अशी मी तिची समजूत घातली. तिला पटली असं मी धरून चाललो.

नव्वदनंतरच्या एका श्रावणात आईने माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि स्वतः एक मूठ टाकली. वर थोडे दाणे टाकले.

“ही अक्कानी,” ती म्हणाली. “मी इचारं कानबाईले. ती काई बोलनी नही.”

मला इतका आनंद झाला की मी अक्काचं ताट स्वतः वाढलं. ती ताटाकडे बघत बसली. मग रोट दोन्ही हातांनी उचलून तिने आईच्या ताटात ठेवला.

“खाय ना बेटा,” आई म्हणाली. “आते काई नही व्हत.”

“पोरेसले काई व्हयनं ते?”

“मी इचारं ना तिले.”

“ती कडक शे, माय,” अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भाकर आणायला आत गेली.

रोट उरवायचा नसतो, घराबाहेरच्याला द्यायचाही नसतो. म्हणून अक्काच्या वाटणीचा तो रोट आईने खाल्ला. तिला तो जात नव्हता. अक्का तिच्याजवळ बसून एकेक तुकडा दुधात भिजवून देत होती.