सोमवारी आबांच्या तोंडात सापडलेलं शीत

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. असले किस्से वाचून हसणाऱ्यांतली मी. तरी आज लिहायला बसलेय, कारण माझा मोठा भाऊ ही गोष्ट नातेवाइकांना भलत्याच पद्धतीने सांगत सुटलाय.

आम्ही मूळचे मालवणकडचे, राहायला बोरीवली पूर्वेला. मागच्या वर्षी आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, पोटाचा कॅन्सर पसरला आणि हॉस्पिटलने घरी न्यायला सांगितलं. बोलत होते तेव्हाच आबांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, “तोंडान जाता तवसर खायन. मगे नाकात नळी घालूची नाय.” दादाने मान डोलावली होती. मी बघितलीय.

मग गिळणं बंद झालं, बोलणंही. डॉक्टर म्हणाले, आता शरीरालाच अन्न नकोसं होतं, नळीने ढकललं तर उलटी होऊन छातीत जायची भीती. ओठ ओले ठेवा, दुखू देऊ नका... बाकी निर्णय तुमचा. झालं, दादाची वाट लागली.

“मी डबा उघडतो ना, घास उतरत नाही गं. बाप उपाशी पडलाय आणि आपण जेवतोय?”

“अरे, त्यांना भूकच राहिलेली नाही.”

“तू काय त्यांच्या पोटात बसलीयस?”

रडला बिचारा. मला वाईट वाटलं, पण मी ऐकलं नाही.

तर या माणसाने काय करावं? गावच्या देवळातल्या गुरवाला फोन करून देवीला कौल लावायला सांगितला. आमच्याकडे मोठा निर्णय असला की मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. पडली उजवी. दादाने लगेच सोमवारी नळी घालायला नर्स ठरवली.

माझं टाळकंच सटकलं. “ज्याचं पोट त्याने सांगून ठेवलंय. देवीला कशाला मध्ये घेतोस?” म्हटलं. सोमवारी अंधेरीच्या ऑफिसला सुट्टी टाकली, सकाळी आबांचं तोंड साफ केलं आणि त्यांच्या खाटेला खुर्ची लावून बसले. कोणीही आलं तरी उठायचं नाही, ठरवलंच होतं.

दुपारी नर्स आली. मी तिला आबांचं म्हणणं सांगितलं, दादाने कौलाचं. ती बिचारी मध्ये अडकली. “तुमचं ठरेपर्यंत मी तोंड पुसून घेते,” म्हणाली. ओला गॉज आतून फिरवला... आणि थांबली.

“यांना भात दिलात?”

गॉजवर भाताचं शीत होतं. लालसर, आमटी लागलेलं, अजून कोमट. आणि वास तिरफळाचा – आमची आई बांगड्याच्या आमटीत घालायची ना, तोच. आई गेल्यापासून आमच्या घरात तिरफळ आलेलं नाही, मला त्याचा वासच सोसत नाही. त्यात सोमवार, म्हणजे घरात मासे शिजायचा प्रश्नच नव्हता. मजल्यावर बाकी सगळी गुजराती बिऱ्हाडं. आणि सकाळपासून मी खुर्ची सोडलेली नव्हती.

मी आबांकडे बघितलं. पोटभर जेवून आडवं झालेल्या माणसाची सुस्ती असते ना, तशी तोंडावर होती. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, बरं वाटलं.

दादाने गॉज हुंगला. “आई जेवू घालून गेली,” म्हणाला. मग त्यानेच नर्सला सांगितलं, नळी नको.

आबा त्याच आठवड्यात गेले, शांतपणे. तोपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने त्यांचे ओठ ओले करत होतो.

शीत कुठून आलं, मला माहीत नाही. खूप डोकं खाजवलं. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा. पण दादा सगळ्यांना सांगतो की आईने येऊन नळी थांबवली... ते मला पटत नाही. परवा त्याला विचारलंच, “गॉज कोरा निघाला असता तर?”

“तर घातली असती नळी.”

“मग आधी मला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवावं लागलं असतं,” मी म्हटलं.