लाल न होणारा धातू

चौकी मागे पडून तास झाला तरी वहाब सायकलवर बसला नव्हता. एक हात हँडलवर, एक सीटवर, असा तो तिला चालवत होता. आजाऱ्याला अंगणात फिरवावं तसा. चार पावलं मागे बुरखा सावरत शरफुन्निसा येत होती. तिच्या पिशवीत आईसाठी खजुराचा डबा आणि तीन पत्रं होती.

सौदीतल्या खमीस मुशैतहून टॅक्सीने निघालेली ही भावंडं अबहाच्या वाटेवर अशी पायी लागली होती, कारण लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. विमानतळ जवळ म्हणून रस्त्यावर जागोजागी सैनिक. पहिल्याच चौकीवर टॅक्सी परत फिरवली. माणसं पायी गेली तर चालेल, म्हणाले. अजून दोन तासांची वाट होती. जानेवारीचं ऊन कोवळं, वारा गार, त्यामुळे चालणं तसं जड नव्हतं. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं अर्धं राहायचं आणि आवाज डोंगराआड गेला की उरलेलं पुढे सुरू व्हायचं.

"अरे भाई, चढ ना तिच्यावर. त्या पुढच्या झाडाखाली जाऊन बस, मी येते मागून."

"आणि तुला कुणी हटकलं तर काय सांगशील? भाऊ सायकलवर फिरायला गेला?"

"सांगेन, भाऊ म्हातारा झाला, गुडघे धरले, म्हणून पुढे पाठवला."

वहाब हसला, पण नेहमीसारखा नाही. शरफुन्निसाने ते टिपलं. काल संध्याकाळी दुकानातून तिच्या घरी येतानाही तो सायकल ढकलतच आला होता. तिने खिडकीतून पाहिलं होतं. तेव्हा तर बरोबर कुणी नव्हतं.

वहाबला ओळखणाऱ्या कुणालाही हे खटकलं असतं. श्रीवर्धनजवळच्या गावात सातवी झाल्यावर तो महाडला सायकलच्या दुकानात लागला, तेव्हाच त्याच्या उस्तादाने त्याला एक सवय लावली होती. दुरुस्त केलेली सायकल गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी स्वतः तिच्यावर बसून एक चक्कर मारायची. डोळे अर्धे मिटून, कान लावून. खमीसला येऊन नऊ वर्षं झाली, कफीलच्या, म्हणजे त्याला आणवणाऱ्या अरब मालकाच्या, दुकानात सायकलींबरोबर पाण्याचे पंप आणि शिवणयंत्रंही आली, पण ती चक्कर चुकली नाही. मशिदीच्या दाराचं बिजागर करकरलं तरी नमाजानंतर खिशातून तेलाची कुपी काढणारा हा माणूस. करकर त्याला सहनच व्हायची नाही.

ही सायकल मात्र त्याच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या सायकलींपेक्षा वेगळी होती. देवदत्त नावाचे मराठी इंजिनियर अबहाच्या इस्पितळातली यंत्रं सांभाळत. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतल्याची बातमी आली आणि एक गोरा डॉक्टर घाईघाईने सामान विकून निघाला, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. ॲल्युमिनियमची, शर्यतीची, बारीक नळ्यांची. वहाब पहिल्यांदा बघून हसलाच होता. ॲल्युमिनियम म्हणजे डेगची, आपटली की पोचा पडायचा. तिच्यावर माणूस बसवायचा? मग साहेबांनीच त्याला बसवलं.

त्या दिवशी घरी येऊन तो शरफुन्निसाला जेवतानासुद्धा तेच सांगत होता. आता चालताना तिने मुद्दाम तो विषय काढला, त्याचं तोंड उघडावं म्हणून.

"कशी होती म्हणालास ती? सांग ना परत."

वहाबचा चेहरा जरा सैल झाला. "काय सांगू गो. आपल्या लोखंडी सायकलवर पाय मारला की आधी सायकल विचार करते आणि मग निघते. ही पायाच्या आधी निघते. चढावर तर कुणी मागून हात लावल्यासारखं वाटतं. आणि खडीच्या रस्त्यावर मला वाटलं, आता कण्यात बसणार. तर नाही. हाताला नुसती गुणगुण. जाड नळीची असती तर दणके दिले असते म्हणतात, ही बारीक नळीची, अंगातच थोडी लवते. अर्धी गंमत टायरातल्या हवेची असते म्हणा. साहेब दगडासारखी हवा भरायचे, मी थोडी काढली, तर म्हणाले, वहाबमियाँ, सायकल बदललीत की काय!"

"मला धरू दे जरा."

पुढे वाट खचली होती, दगडांवरून पलीकडे जायचं होतं. शरफुन्निसाने वहाबच्या हातातून सायकल घेतली आणि सवयीने कंबर कसून उचलली, तर ती भलतीच वर आली. भरल्या हंड्याच्या निम्मीही नव्हती. लहानपणी ती भावाच्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत जायची, पाय दुखायचे, तरी उतरावंसं वाटायचं नाही. ते आठवून तिला हसू आलं. पलीकडे सायकल टेकवताना ती म्हणाली, "एवढी चांगली सायकल, आणि आठ दिवस दुरुस्त होऊन पडलीय. तू चक्कर मारली नाहीस."

विमान आलं. दोघं थांबली. विमान गेलं तरी वहाब पेडलपाशी अंगठा फिरवत राहिला.

"भाई, काय केलंस तू?"

तो वाटेकडेच्या दगडावर बसला. "पेडलपाशी करकर होती. सांधा ढिला वाटला. मी म्हटलं, नळ्या जोडायला आत ओतलेलं पितळ सुटलं असेल, परत गरम करून नवं सोडू. ज्योत लावली. उस्तादाने शिकवलेलं, लाल झालं की पितळ सोड, त्याआधी नाही. मी लाल व्हायची वाट बघत बसलो. ते लाल होईच ना. पांढरंच राहिलं. मी ज्योत मोठी केली. मग जळका वास आला, डिंक जळल्यासारखा. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ह्या नळ्या पितळाने जोडलेल्या नाहीत, डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेल्या आहेत. आणि हा धातू लाल होतच नाही, सरळ वितळून बसतो."

"मग?"

"मग थंड झाल्यावर घासली, पॉलिश केली. करकर बंद झाली. दिसायला तर आधीपेक्षा चांगली."

"साहेबांना सांगितलंस?"

त्याने मान हलवली.

का नाही सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. लढाईमुळे कफील दुकान बंद करून ताइफला भावाकडे निघाला होता. वहाबचा इकामा, इथे राहायचा परवाना, मार्चमध्ये संपत होता. इस्पितळाच्या कार्यशाळेत घ्यायला देवदत्तसाहेबांनी शब्द टाकला होता, आज चिठ्ठी देणार होते. चिठ्ठी नाही मिळाली तर नऊ वर्षांनंतर हात हलवत गावी.

खरं सांगायचं तर शरफुन्निसाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आधी चिठ्ठी घ्यावी आणि मग दोन दिवसांनी निरोप पाठवावा. भाऊ होता तो. तिने मनातल्या मनात दुआ म्हटली, आणि तो विचार तोंडावर येण्याआधी गिळला. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवली की ती अमानत, हे तिला आईने सांगितलं होतं आणि आईला नानाने.

ती एवढंच म्हणाली, "भाई, उद्या शुक्रवार आहे."

शुक्रवारी सकाळी साहेब ह्याच सायकलवरून समुद्राकडचा घाट उतरायचे. वहाबला ते ठाऊक होतं. तो उठला, सायकल धरली आणि चालू लागला.

देवदत्तांच्या घराच्या खिडक्यांना आतून चिकटपट्टी लावलेली होती. दार पद्मिनीवहिनींनी उघडलं. त्या रविवारी मुंबईला निघणार होत्या, पत्रं आणि खजूर त्यांच्याबरोबरच जायचे होते. "अगं, चालत आलात? वेडे आहात का!" म्हणत त्या पाणी आणायला वळल्या, तेवढ्यात देवदत्त बाहेर आले. सायकल बघून माणूस उजळला. दोन बोटांनी उचलली, कानाशी चाक फिरवलं.

"वाः, वहाबमियाँ! आवाज गेला की."

"गेला साहेब."

साहेबांनी टांग टाकली. वहाबने पुढे होऊन दोन्ही हातांनी हँडल पकडलं.

"उतरा साहेब. आवाज जायला नको होता."

मग त्याने सगळं सांगितलं. पितळ, ज्योत, वास, पॉलिश. एकही शब्द कमी केला नाही. देवदत्तांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल.

"आठ दिवस! आठ दिवस गप्प बसलात? मी फोनवर विचारलं तर झकास म्हणालात!"

"म्हणालो साहेब."

"आजही बोलला नसतात तर मला कळलंसुद्धा नसतं!"

"घाटात कळलं असतं," पाण्याचे पेले घेऊन आलेल्या पद्मिनीवहिनी म्हणाल्या.

देवदत्त ताडकन आत गेले. दार आपटलं. वहाब अंगणात उभाच. वहिनींनी बस म्हटलं तरी बसला नाही. शरफुन्निसाला वाटलं, संपलं आता.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, हातात एक पातळ इंग्रजी पुस्तिका. गोऱ्या डॉक्टरने सायकलबरोबर दिलेली, तिच्या पानांच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. तिसऱ्या पानावर बोट ठेवून त्यांनी ती वहाबपुढे धरली.

"इथे ठळक छापलंय. सांध्यांना उष्णता देऊ नये. मी ही उघडलीसुद्धा नव्हती. तुम्हाला द्यायला हवी होती."

"मला इंग्रजी कुठे येतं साहेब."

"मला येतं ना," देवदत्त म्हणाले. मग त्यांनी सायकल आडवी केली, पेडलवर पाय ठेवून जोर दिला. सांध्यातून बारीकसा आवाज आला, सुकी शेंग फुटल्यासारखा, आणि नळी केसभर सरकली. चौघंही बघत राहिले. देवदत्तांनी पाय काढला. एकदा घाटाच्या दिशेला पाहिलं.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "लढाई लागल्यापासून इस्पितळात नव्या खुर्च्या येताहेत, चाकांच्या. स्ट्रेचरसुद्धा. सगळं ॲल्युमिनियम. आमचे दोन्ही वेल्डर लोखंडवाले. त्यांनीही लाल व्हायची वाट बघितली तर एखादा पेशंट खाली पडेल." ते थांबले. "राग गेलेला नाही माझा. पण शनिवारी सकाळी सात वाजता कार्यशाळेत या. आणि हे पुस्तक घेऊन जा."

परत निघताना वाट उताराची होती. चाकं साहेबांकडेच राहिली, वहाबच्या खांद्यावर आता नुसती फ्रेम होती. ती कापून आतून बघायची परवानगी त्याने साहेबांकडून मागून घेतली होती. खांद्यावर ओझं होतं, तरी चाल हलकी झाली होती. वहिनींनी पुस्तिका वाचून अर्थ सांगितला होता आणि शरफुन्निसाने तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात तो वहीच्या चार पानांवर उतरवून घेतला होता.

"शरफू, त्या पानांना खाली थोडी जागा आहे का गो?"

"आहे. का रे?"

"मग तिथे अजून एक लिही. वहाबने ज्योत लावली, लाल व्हायची वाट बघितली, आणि आठ दिवस गप्प बसला. नाव घाल माझं, पुरतं. कार्यशाळेच्या भिंतीला लावायचंय मला."