मॅनेजर चिडली

आमची आत्या मॅनेजमेंट कॉलेजात शिकवते. तिच्या पुस्तकातला मॅनेजर कायम पुरुष. तो कामगारांवर चिडला की मुलं उत्तरात लिहितात, ‘खंबीर नेतृत्व.’ यंदा आत्याने प्रश्नपत्रिकेत एकच अक्षर बदललं: ‘मॅनेजर चिडली.’ अख्ख्या वर्गाने निदान केलं, ‘घरी काहीतरी बिनसलं असणार.’ आत्याने सरसकट सगळ्यांना भोपळा दिला.

लगेच प्राचार्यांचं बोलावणं आलं. “मॅडम, छपाईची चूक दिसतेय. ‘चिडला’ हवं ना?”

“चूक नाही, सर. मॅनेजर बाई आहे.”

“अस्सं होय. मग पोरांचं काय चुकलं?”

आत्या चिडली. तिचा आवाज चढला. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि हळूच विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?”