भाऊजींनी पाहिलेला समुद्र

कुशालभाऊजी गेल्याचा निरोप त्यांच्या गावच्या गाडीवानानं धानाच्या मिलच्या फाटकातूनच ओरडून सांगितला. तापाचं निमित्त झालं, म्हणाला. मी गोंदियाला त्या मिलमध्ये कारकून. हातातलं काम तसंच टाकून निघालो. वाटेत एकच विचार मनात येत होता... माझ्या थोरल्या बहिणीचा हा नवरा खरं तर गेल्या वर्षीच, समुद्रकाठच्या एका पडक्या किल्ल्यावर संपला होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा मोहन. इंजिनाचं काम शिकला आणि लढाई पेटली तेव्हा कुणाचं न ऐकता जहाजावर गेला. कोकण किनाऱ्याजवळ जहाज बुडाल्याची तार आली, प्रेत काही आलं नाही. वाचलेला एक खलाशी मला नागपुरात भेटला. तो म्हणाला, समोर कड्यावर पडका किल्ला दिसत होता आणि काही जण त्या रोखानं पोहत सुटले होते. बहिणीनं मुलाचे दिवस करू दिले नाहीत. "पहिले मुडदा दाखवा मले," एवढंच म्हणायची. लढाई संपली तेव्हा भाऊजी तिच्यामागं मला हळूच म्हणाले, "चाल गा, त्या किल्ल्यावर जाऊ. पोराले पाणी देऊन येऊ."

मुंबईहून बोटीनं जाणं सोपं होतं, पण त्या पाण्यावर पाय ठेवायला ते तयार होईनात. मग कोल्हापूरवरून मोटारीनं घाट उतरलो. किल्ल्याची चढण करवंदीच्या जाळ्यांतून होती. दरवाजाची कमान ढासळलेली, जांभ्या दगडाच्या भिंतींवर झाडं उगवलेली, गवतात एक गंजकी तोफ. समुद्राकडे न बघताच भाऊजी आत शिरले आणि एकेका पडक्या खोलीत वाकून पाहू लागले. दारूकोठारात गेले, कोरड्या टाक्यात उतरले. "मोहन्या! ए मोहन्या!" शेताच्या बांधावरून हाक मारावी तशी हाक. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की हा माणूस पाणी द्यायला आलाच नव्हता.

"भाऊजी, काऊन असं करता जी?"

"आपला तलाव तो इकडून तिकडे पोहून जाये," ते म्हणाले. "इथं लागला असन. आसऱ्याले थांबला असन."

सगळं धुंडाळून झाल्यावर ते कड्यावरच्या फुटक्या बुरुजावर आले, आणि समुद्र त्यांनी तिथं पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ उभे राहिले. खाली लाटा खडकावर फुटत होत्या... "याले पल्याडचा काठच नाही गा," असं म्हणून ते मटकन खाली बसले. रडले नाहीत. पाणीही दिलं नाही. परतीच्या सगळ्या प्रवासात पुन्हा बोलले नाहीत. मी गोंदियाला उतरलो, ते पुढं गेले. त्यानंतर त्यांनी शेती भावावर सोपवली आणि जेवण हळूहळू कमी होत गेलं, असं कानावर येई. मी मात्र त्यांच्यासमोर जायचं टाळत राहिलो.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर बहिणीनं मला आतल्या खोलीत नेलं. खोली ताजी सारवलेली होती. एका बाजूला खाट, तिला नवी कोरी सुंभाची वीण.

"हे विणून ठेवूनच ते पडले," ती म्हणाली. मग दार लोटून घेत आवाज खाली आणला. "मले त्यांनी सारं सांगितलं होतं, भाऊ. किल्ल्यावर पोरगा भेटला म्हणून. लढाईतून पळाला, पोलीस धरतीन, म्हणून येत नाही म्हणून. कोणाले सांगू नको म्हणाले, तं म्या नाही सांगितलं."

मी भिंतीला टेकलो.

"तू तं संग होता. रोडावला का गा तो?"

तिनं खाटेवरून हात फिरवला, कुठं सैल आहे का ते चाचपून पाहिलं.

"बाप गेल्याची खबर तरी धाडली का त्याले?"

"धाडली," मी म्हणालो.