मागचा वायपर आणि हणमंताचा बाँड

माझा धाकटा भाऊ हणमंत हुबळीत, तारिहाळच्या रस्त्याला, गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. कुठल्या गाडीचा दिवा का लागत नाही, हॉर्न का गप्प झाला, हे त्याला बोटांनीच कळतं. पण त्याच बोटांची मूठ वळली की मग देवसुद्धा आवरू शकत नाही. सातवीत त्याने वर्गातल्या पोराचे दोन दात पाडले. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याच्या डोक्यात त्याचाच ढोल घातला. आणि गेल्या मार्गशीर्षात एका लॉरी ड्रायव्हरने आईवरून शिवी दिली, तर चाकाच्या पान्याने त्याचा जबडा मोडला. मी दवाखान्यात गेले होते. तो माणूस नळीने पेज पीत होता, नि मला बघून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पाया पडून आले.

तडजोड झाली, पण हणमंताला ठाण्यात चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून द्यावा लागला, जामीन मी राहिले. वर्षभर कुणावर हात उचलला तर सरळ आत. त्याला दोन लहान मुली. तेव्हापासून कुणी वेडंवाकडं बोललं की तो दोन्ही हात खिशात घालायचा. मळमड्डीच्या माझ्या घरून मी रोज फोन करायची, "आज हात कुठे होते रे?" तो म्हणायचा, "खिशात, अक्का."

बाँडाचे दोन महिने राहिले होते आणि खंडेनवमी आली. मी नैवेद्य घेऊन हुबळीला त्याच्या गॅरेजवर गेले. हणमंताने सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन पाटावर मांडली होती. पाने, पक्कड, तपासायचा दिवा, सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडू. पूजेत बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. शेजारचा पंक्चरवाला लक्ष्मण आणि आणखी दोघंतिघं प्रसादाला थांबले होते.

तेवढ्यात एक पांढरी गाडी करकचून थांबली. टाइल्सच्या दुकानाचे मालक विनायक. पुढच्या सीटवर बायको, दीपश्री. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

"ए हणम्या, बाहेर ये! शनिवारी मागं कॅमेरा बसवलास आणि आज मागचा वायपर मेला. वायर तोडून ठेवलीस ना?"

"नाही सावकार. पण आज हत्यारं पूजेत आहेत. उद्या सकाळी पहिली तुमची गाडी."

"पूजा? चूक झाकायला पूजा करतोस?"

आणि खाडकन थोबाडीत दिली. हणमंताचे हात खिशात गेले. ते बघून विनायकला आणखीच जोर आला. कॉलर धरून त्याने हणमंताला शटरच्या खांबावर आपटलं, एकदा, मग पुन्हा. नाकातून रक्ताची धार लागली. लक्ष्मण मधे पडायला गेला तर त्याच्या पोटात कोपर बसलं. मी मनात देवीचं नाव घेत होते, पण खरं सांगते, माझे डोळे भावाच्या खिशांवर होते. आतल्या मुठी वरून दिसत होत्या.

"बोल, वायर तोडलीस की नाही?"

"बघून सांगतो," हणमंत नाक टॉवेलने दाबून म्हणाला. "हत्याराला हात न लावता सांगतो. ताई, नुसती किल्ली फिरवा आणि मागच्या वायपरचं बटन दाबा."

दीपश्रीने दाबलं. वायपर हलला नाही. हणमंताने मागच्या दारावर तळहात ठेवला आणि काचेखाली कान लावला. पांढऱ्या पत्र्यावर आणि काचेवर रक्ताचे ठिपके पडले.

"बंद करा, बंद करा! मोटर जळंल." मग तो सरळ झाला. "सावकार, वायर तुटली असती तर आत सगळं गप्प असतं. ही तर कण्हतीय. करंट पोचतोय. दांडाच कुठंतरी अडकलाय."

वायपरच्या बुडाला प्लास्टिकची टोपी असते. ती त्याने नखाने उचकटली. आत बारीक लोखंडी तार दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेली, तिला चुरगळलेला झेंडू. नखाखालून रक्त येईपर्यंत ओढून त्याने ती काढली.

"सकाळी गाडीची पूजा केली, हार वायपरला तारेनं बांधला. पावसात बटन दाबलं, दांडा फिरला, तार त्याच्या बुडात गेली. वायपर अडकला म्हणून तुम्ही फुलं ओढून टाकली, तार आतच राहिली. आता दाबा, ताई."

वायपर डावीकडून उजवीकडे गेला आणि परत आला. काचेवर रक्ताचा एक पट्टा उमटला.

लक्ष्मण पोट धरूनच हसला. "सावकार, आता झेंडूला दोन द्या की!"

सगळे हसले. तिथेच घात झाला. विनायकचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्याने पुढचं दार उघडलं, दीपश्रीला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"हार कुणी बांधला? तूच ना? अवलक्षणी!" आणि तिच्या कानशिलात अशी लगावली की ती दारावर आपटली. पुन्हा हात वर गेला.

हणमंताचे हात खिशाबाहेर आले. स्वतःचा मार त्याने गिळला होता, हा त्याला गिळवेना. दोन ढांगांत तो पाटापाशी गेला आणि कुंकू लागलेला चाकाचा पाना उचलला. तो चेहरा मी ओळखते. एका क्षणात माणूस मरणार होता आणि माझ्या भाच्या बापाला मुकणार होत्या.

मी विनायकच्या जास्त जवळ होते. मीच त्याच्या थोबाडीत मारलं. एक, दोन, तीन, सगळी ताकद लावून. सणाच्या नव्या काचेच्या बांगड्या फुटल्या आणि त्याच्या गालात घुसल्या. तो ओरडत खाली बसला.

"हणम्या, खाली ठेव तो!" मी किंचाळले. "बाँड तुझ्यावर आहे, माझ्यावर नाही!"

त्याने हातातल्या पान्याकडे बघितलं. मग पाटावर ठेवला.

सगळे पोलीस ठाण्यात गेलो. तिथे विनायक गालाला रुमाल लावून सांगायला लागला, "या हणमंतानं मला पान्यानं मारलं. याच्यावर बाँड आहे, साहेब, काढून बघा."

हणमंताचं तोंड पांढरंफटक पडलं. मी म्हटलं, "मी मारलं, साहेब." हवालदार माझ्या पिकल्या केसांकडे बघून म्हणाला, "भावासाठी सगळ्याच बहिणी असं सांगतात, अम्मा."

तेव्हा दीपश्री उठली. गाल सुजून डोळा अर्धा मिटला होता. नवऱ्याकडे तिने बघितलंच नाही.

"या अक्कांनीच मारलं, बांगड्यांच्या हातांनी. काचा अजून गालात असतील, डॉक्टरांना दाखवा. हणमंतांनी कुणाला बोट लावलं नाही. आणि त्याच्याआधी ह्यांनी मला मारलं. पहिल्यांदा नाही. तेसुद्धा लिहा."

हवालदाराने कागद बदलला आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.

माझ्या नावाची तक्रार झाली ती झालीच. सही करून मी बाहेर आले. दीपश्री त्या गाडीत बसली नाही. लक्ष्मणने रिक्षा आणली, ती माहेरी गेली.

हणमंत पायरीवर बसला होता. म्हणाला, "अक्का, आता तुला बाँड लिहून द्यावा लागला तर जामीन कोण राहणार?"

"तू तर नक्कीच नाही," मी म्हटलं. "ऊठ, नाक धू."