प्लगमधलं शिसं

विमानाच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं, हे नोकरीला लागेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. गाड्यांच्या पेट्रोलमधून ते कधीच गेलं. पण मी जिथे काम करते त्या वैमानिक शिकवणाऱ्या संस्थेतली छोटी, एका पंख्याची विमानं आजही त्याच पेट्रोलवर उडतात. शिकणारी मुलं धावपट्टीच्या तोंडाशी इंजिन मंद ठेवून थांबून राहतात आणि जळलेल्या पेट्रोलमधलं शिसं स्पार्क प्लगच्या पोटात साठत जातं. राखाडी, मोहरीएवढे दाणे. एखादा दाणा नेमका ठिणगीच्या जागी अडकला की इंजिन अडखळतं. उड्डाणाआधीच्या तपासणीतच ते कळतं, विमान परत हँगरमध्ये येतं आणि प्लग काढून माझ्या टेबलावर ठेवले जातात.

माझ्याच, कारण ते काम मला आवडायचं. टोकदार सुईनं दाणे फोडून काढायचे, वाळूचा झोत अगदी थोडा मारायचा, कारण जास्त झाला तर प्लगच झिजतो. मग हवेनं उडवून भिंगाखाली बघायचं. हँगरमध्ये मी एकटीच बाई. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे नाशिकहून म्हैसूरला आले, तेव्हा कुणी मला हे काम देईल असं वाटलं नव्हतं. विमानदुरुस्तीच्या लायसन्सच्या परीक्षेसाठी ठरावीक काळ प्रत्यक्ष काम केलेलं असावं लागतं. माझा तो काळ संपत आला होता.

अशात एका सकाळी चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. नवरा चहा करायला गेला. मी तोंड धुताना नखांकडे पाहिलं. कडेला राखाडी रेष होती, साबणानं न जाणारी. हसू तिथेच थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शिसं? बॅटरीच्या कारखान्यात आहात का?"

मी विमानाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. शिसं हाडांत साठून राहतं आणि आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं, हे त्यांनी शांतपणे सांगितलं, पण मला ते शांतपणे ऐकता आलं नाही. रक्त घेतलं. नमुना बेंगळुरूला जाणार होता. "निकाल येईपर्यंत त्या कामाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

हात लावायचा नाही म्हणजे आमच्या चीफ इंजिनिअरना कारण सांगणं आलं. तीन महिने होईपर्यंत कुणाला काही बोलू नकोस, असं आईनं फोनवर बजावलं होतं. शिवाय मनात दुसरी धास्ती होती. सर मला ऑफिसात खुर्चीवर बसवतील, आणि तो काळ लायसन्ससाठी धरला जाणार नाही.

आम्ही अग्रहार या जुन्या वस्तीत भाड्यानं राहतो. खाली मालकांचं शिलाईचं दुकान. घर जुनं मराठी, पण कित्येक पिढ्या इथेच गेलेल्या. त्या दिवशी गच्चीवर मी हातमोजे घालून कामाचे कपडे वेगळे धूत होते. मालकीणकाकू वर आल्या.

"अगं, ते एवढं घासतीस कशाला? काय लागलंय त्याला, विष?"

मला एकदम रडू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं.

"हौदा? खरंच?" त्या हळूच म्हणाल्या. मी मान हलवली. "मग रडतीस काय, सुम्ने, उगीच! उद्या जाऊन साहेबाला सांग. नोकरी दुसरी मिळंल."

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. सर म्हैसूरचेच, निवृत्तीला आलेले, फारसं न बोलणारे. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ते त्या वेळी एक प्लग हातात धरून होते. सवयीनं त्यांनी त्यात तोंडानं फुंकर मारली. धूळ त्यांच्या मिशीवर बसली.

"सर, तुम्ही नेहमी अशीच फुंकर मारता?"

"नोडम्मा, हे बघ, आमच्या काळी हवेचं मशीन कुठे होतं? फुंकर हेच मशीन."

"मग तुम्हीही रक्त तपासून घ्या."

ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "पोट दुखतं अधूनमधून. हाताला मुंग्या येतात. बायको म्हणते, कॉफी कमी करा." त्यांनी प्लग टेबलावर ठेवला. मला त्यांनी ऑफिसात बसवलं नाही. चाकं, ब्रेक आणि पंखांची तपासणी दिली. ते कामही लायसन्ससाठी धरलं जातं, हे त्यांनीच सांगितलं.

निकालाची वाट पाहणं फार वाईट. स्कूटरवरून नंजनगूड रस्त्यानं जाताना मनात एकच हिशेब चाले: कितीदा मास्क न लावता बसले, कितीदा त्याच टेबलावर डबा खाल्ला. नवरा धीर द्यायचा आणि रात्री स्वतःच मोबाइलवर शिशाबद्दल वाचत बसायचा.

माझ्या रक्तात शिसं निघालं, पण थोडं. "नसतं तर बरं, पण घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दूध, लोहाच्या गोळ्या, आणि पुन्हा तपासणी. त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसून राहिले.

हँगरवर आले तर सर मागच्या बाकावर एकटेच. त्यांनीही रक्त तपासून घेतलं होतं. मोबाइलवरचा रिपोर्ट त्यांनी पुढे केला. शिशाचा आकडा इतका मोठा होता की डॉक्टरांनी लगेच दाखल व्हायला सांगितलं होतं.

"माझं राहू दे," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी घरी जातो, नातीला उचलून घेतो. ह्याच कपड्यांत."

मी त्यांच्याशेजारी बसले.

नातीचा निकाल येईपर्यंत त्यांनी दवाखान्यात जेवण घेतलं नाही, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. नात सुखरूप निघाली. सरांवर मात्र बरेच महिने उपचार चालले. पोटदुखी थांबली. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते प्लगसाठी बंद पेटी आणि धूळ ओढणारा पंखा मागवायचं. त्या खोलीत चहा बंद झाला, कपडे हँगरवरच बदलणं सुरू झालं. व्यवस्थापनानं कुरकुर केली, तेव्हा सरांनी स्वतःचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले.

मला मुलगी झाली. तिचं रक्तही तपासलं, ठीक आहे. तरी ती उशिरा बसायला लागली तेव्हा, उशिरा बोलायला लागली तेव्हा, मी तिला घेऊन दवाखाना गाठायचे. बालरोगतज्ज्ञ म्हणायचे, प्रत्येक मूल आपल्या वेळेनं करतं. मी मान डोलवायचे आणि घरी येऊन पुन्हा तिला हाक मारून बघायचे.

लायसन्स मिळालं. आता हँगरमधल्या सगळ्यांचं रक्त दरवर्षी तपासलं जातं. निकाल यायचे असतात त्या दिवसांत मी चिडचिडी होते, असं नवरा म्हणतो. असेन. सगळ्यांचे निकाल बघून होईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही.