मोठा पंजा, मोठा मांडा

अक्का माणसाचं तोंड नंतर बघायची, हात आधी. ओट्यावर कोणी येऊन टेकलं की तिची नजर सरळ मनगटाखाली जायची. "काल जेवनी नही का वं?" असं ती नुसते हात बघून विचारायची आणि समोरची बाई गडबडून "नाही" म्हणायची. कशावरून ओळखायची, देव जाणे. गल्लीतल्या नव्या जावयाचेसुद्धा हात हातात घेऊन बघायची. तेव्हा तिचा मुलगा, म्हणजे सगळ्या गल्लीचे भाऊ, शरमेने आत निघून जायचे.

पारोळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर. लग्न असो की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मांडे करायला बोलावणं तिलाच. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, मांडा पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला कणकेचा उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायचा. अक्काच्या हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता, सगळे चुलीने नेले होते. फाटलेला मांडा ती कोणाच्या ताटात जाऊ द्यायची नाही, स्वतः खायची. "मना हातनी चूक, मना पोटमा," म्हणायची.

माझ्या हातांचं मला फार वाईट वाटायचं. थेट बाबांचे हात आले होते, रुंद पंजा आणि जाड सांधे. तेव्हा घरीदारी सगळे मला मुलगा समजत होते आणि मला आतून पक्कं ठाऊक होतं की यात काहीतरी घोटाळा आहे. दार लावून आरशासमोर आईची ओढणी घेतली की तोंड तेवढं माझं वाटायचं, पण हात दिसले की सगळं संपायचं. म्हणून मी ते खिशात घालून हिंडायचे. बारा वर्षांची असताना अक्काने एकदा ते ओढून बाहेर काढले.

"पुरुषासारखे आहेत," मी म्हणाले.

तिने उलटेसुलटे करून बघितले. "मांडाना हात शेतस. मोठा पंजा, मोठा मांडा," ती म्हणाली आणि सरळ कणकेत घातले. माझे पहिले वीसेक मांडे फाटले. नियमाप्रमाणे ते मीच खाल्ले आणि दोन दिवस पोट धरून पडले. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझे हात बघून खूश झालं होतं.

एकोणिसाव्या वर्षी मी घरी खरं काय ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "असं राहायचं असेल तर या दारात नको." मी जळगावला आले. पुढे एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी लागली. नवे कागद झाले, हौसेने मृण्मयी नाव घेतलं. साडी जमली, आवाज जमला. हात तेवढे राहिले. लोक कागद सरकवताना आधी हात बघायचे आणि मग चमकून माझं तोंड.

आमच्याकडे आखाजी हा लेकींचा सण. सासरच्या लेकीला न्यायला माहेराहून कोणीतरी येतं. त्याला मूळ लावणं म्हणतात, बोलीत मूय. मुलाला मूळ लावत नाहीत, तो काय, आपला आपण येतो. दवाखान्यातल्या सगळ्याजणी माहेरी जायच्या आणि त्या दिवशी सगळ्या खिडक्या मी सांभाळायचे. मला माहेर हवं होतं. दुसरं काही नसतं मिळालं तरी चाललं असतं.

चौथ्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी रांगेत भाऊ उभे दिसले. त्यांनी माझं जुनं नाव घेऊन विचारलं, "पारोळ्याचा हा पोरगा इथे कामाला आहे का?"

"तसं कोणी नाही इथे," मी म्हणाले.

ते वळले. मी पुढच्या पेशंटचा कागद घ्यायला हात बाहेर काढला आणि ते थबकले.

"अक्कानी सांगेल व्हतं," ते हळूच म्हणाले, "तोंड बदलेल राही, हात देखजो." आणि मग म्हणाले, "मूय लई उनू. चाल."

मूळ घेऊन आले होते, माझ्यासाठी. मी खिडकीतच रडले. रांगेतल्या आजारी बाईने मला पाणी दिलं.

अक्काने दारातच माझे हात बघितले आणि म्हणाली, "कनिक भिजाडेल शे, बठ." बाकी चौकशी नाही. शेजारणीला मात्र राहवेना. "अक्का, तुले तं एकच आंडोर ना? मंग हाई कोन?"

आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. अक्काने मांडा झेलता झेलताच सांगितलं, "आंडोर एकच शे. हाई आंडेर." माझं नवं नाव तिला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ती मुरमुरी म्हणायची. मी चिडायचे, पण ओ द्यायचे.

पुढे दर आखाजीला भाऊ आले. बाबांचं घर अक्कापासून पाच दारं सोडून, आणि ते दार बंद. अक्का माझ्या हातचा मांडा तिकडे नेऊन द्यायची, कोणी केला ते सांगायची नाही. एका वर्षी परत येऊन म्हणाली, "तुना बाप म्हने, अवंदा मांडा पातळ जमना." यंदा पातळ जमला, म्हणे! मी ते वाक्य वर्षभर पुरवून वापरलं.

यंदा माघात अक्का गेली. भाऊंनी तिचं खापर गोधडीत गुंडाळून जळगावला आणून दिलं. आता मूळ कुणाचं येणार, हे मी माझ्या मनाला समजावून ठेवलं होतं. तेवढ्यात इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईचा फोन आला.

"यंदा मांडे कोण करणार गं?"

गं म्हणाली, हे मला लगेच कळलं. तरी माझा स्वभाव आड आला. "मांडेवाली हवी असेल तर गल्लीत विचार," मी म्हणाले, "आणि आंडेर हवी असेल तर मूळ लाव." फोन ठेवला आणि मग जेवण गेलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी खिडकीसमोर बाबा उभे होते. बरेच वाळले होते. त्यांनी कुणाचंही नाव विचारलं नाही.

"मांडेवाली न्यायला आलात?" मी विचारलं. माझा विश्वास बसत नव्हता.

ते खाली बघत होते. "मूय लई उनू," म्हणाले.

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. म्हणून अक्कासारखे आधी हात बघितले. खिडकीच्या फळीवर ठेवलेले, रुंद पंजा, जाड सांधे. मी माझे हात त्यांवर ठेवले. कुणाचे कुठले, सांगता आलं नसतं.